क्ष-किरण यंत्रांची नोंद : वहीपासून संगणकापर्यंत

तापीकाठचे बऱ्हाणपूर राज्यकारभाराच्या दृष्टीने मध्य प्रदेशात मोडते. परंतु त्याचे व्यवहार, सोयरसंबंध आणि दुखण्याबाण्याच्या वाटा खानदेशाशी जोडलेल्या आहेत. रावेर, भुसावळ व जळगावकडील माणूस बऱ्हाणपुरास जातो आणि बऱ्हाणपूरचा रुग्ण जळगावच्या तज्ज्ञाकडे येतो. रुग्णांप्रमाणेच यंत्रेही या वाटेने ये-जा करतात. एका गावी जुने झालेले क्ष-किरण यंत्र दुसऱ्या गावचा दवाखाना स्वस्तात विकत घेतो, टेम्पोत घालून नेतो आणि तेथे ते पुन्हा चालू होते. असे यंत्र आज कोठे आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे, त्याची अखेरची तपासणी केव्हा झाली आणि त्याच्याजवळ काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर बिल्ला आहे किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे कोणाकडे तरी असावी लागतात. ती उत्तरे ठेवण्याची पद्धत भारतात गेल्या काही वर्षांत मुळापासून बदलली. हा बदल कसा झाला व तो करताना कोणत्या अडचणी संभवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम यंत्रांचे दोन प्रकार ध्यानी घेणे अगत्याचे आहे, कारण बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

पहिला प्रकार क्ष-किरण यंत्रांचा. हाड मोडल्यावर ज्यावर छायाचित्र काढतात ते साधे यंत्र, दंतवैद्याचे छोटे यंत्र, सी. टी. स्कॅन ही सर्व या प्रकारात येतात. यांत किरणोत्सर्गी द्रव्य नसते. विजेच्या साहाय्याने नळीत क्ष-किरण निर्माण होतात आणि वीज बंद होताच किरणही बंद होतात. बंद ठेवलेले क्ष-किरण यंत्र शेजारच्या खोलीतील माणसास अपाय करीत नाही. ग्रामीण भागात अशा खोलीजवळून जाण्यासही काही लोक भितात. ती भीती निराधार होय.

दुसरा प्रकार किरणोत्सर्गी उगमस्थाने असलेल्या उपकरणांचा. कर्करोगावरील कोबाल्ट यंत्र, प्रयोगशाळेतील गॅमा पेटी, पोलादी नळांचे सांधे तपासणारा कॅमेरा, कारखान्यातील जाडी किंवा पातळी मोजणारी उपकरणे ही त्याची उदाहरणे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर येथे १९५६ मध्ये वर्तमानपत्री कागदाचे उत्पादन सुरू झाले, हे जुन्या वाचकांना ठाऊक असेल. जगभरच्या कागद कारखान्यांत धावत्या कागदाचे वजन मोजण्यासाठी किरणोत्सर्गी उगमस्थान असलेले मापक वापरण्याची पद्धत आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ मध्ये कांद्यास कोंब फुटू नयेत म्हणून जे किरणन केंद्र उभारले गेले, तेही याच प्रकारातील. या उपकरणांना बटण नाही. वीज गेली, कारखाना बंद पडला, मालक वारला किंवा न्यायालयात दावा लागला, तरी आतील द्रव्य आपले काम करीतच राहते.

याच ठिकाणी आणखी एका घोटाळ्याचा उल्लेख करणे इष्ट. सोनोग्राफी व एम. आर. आय. या यंत्रांत क्ष-किरण नसतात. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे १९९४ च्या कायद्याखाली, जिल्हा पातळीवर होते. त्या नोंदणीचा प्रारणसुरक्षेशी संबंध नाही. भिंतीवर चौकटीत लावलेले एक प्रमाणपत्र दाखवून दुसऱ्याचे काम भागत नाही, हे तपासणीस जाणाऱ्या कर्मचाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे.

नोंद हरवली की काय होते

ब्राझील देशातील गोयानिया शहरात एका खाजगी उपचार केंद्राने जागा बदलली आणि सीझियम-१३७ असलेले यंत्र जुन्या, पडक्या इमारतीत तसेच सोडले. सप्टेंबर १९८७ मध्ये भंगार गोळा करणाऱ्या दोघांनी त्यातील जड भाग काढून नेला. भंगाराच्या दुकानात तो फोडला गेला. आत निळसर चमकणारी भुकटी सापडली. लोकांनी ती कौतुकाने घरोघरी नेली, मुलांनी अंगास लावली. चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात द्रव्य आढळले.

ही कथा दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेली एक गॅमा पेटी होती. ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातून आणलेली होती. तिचा उपयोग करणारे प्राध्यापक निवृत्त झाले व पेटी अनेक वर्षे पडून राहिली. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर निकामी सामानाबरोबर तिचाही लिलाव झाला आणि ती मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचली. तेथे तिचे शिशाचे कवच फोडण्यात आले. एप्रिलमध्ये तेथील कामगार आजारी पडू लागले. अंगावर काळे डाग, केस गळणे, उलट्या अशी लक्षणे दिसली. एकाचा मृत्यू झाला.

या घटनेत कोणी जाणूनबुजून अपराध केला असे दिसत नाही. सामानाच्या यादीवर लिलाव करणाऱ्याने एक जुने, जड, निरुपयोगी उपकरण पाहिले. त्या यादीत उपकरणाचे नाव होते; उपकरणाच्या पोटात काय आहे, हे सांगणारा रकाना नव्हता. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. पेटी त्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे आलेली होती. नोंदीची पद्धत सुरू होण्याआधी जी वस्तू आलेली असते ती नव्या वहीत आपोआप चढत नाही. कोणीतरी तिच्यापर्यंत चालत जाऊन तिची नोंद करावी लागते.

शिक्षकांना येथे एक प्रयोग सुचवता येईल. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याची क्रियाशीलता निम्मी होते. वर्गात १२८ फोडलेले चिंचोके घ्यावेत, मुठीतून जमिनीवर टाकावेत आणि पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढावेत. जवळपास निम्मे उरतील. उरलेले पुन्हा टाकावेत. सात वेळा असे केल्यावर हाती एखादा चिंचोका राहील, कदाचित दोन, कदाचित एकही नाही. प्रत्येक फेरी म्हणजे एक अर्धायुष्य. दिल्लीच्या पेटीत जवळजवळ आठ फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे मूळ द्रव्याचा सुमारे अडीचशेवा अंश उरला होता. तेवढा अंशही माणूस मारण्यास पुरेसा ठरला, यावरून मुळात ते किती होते याची कल्पना मुलांना येईल. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. तेथे एक फेरी पूर्ण होईपर्यंत शाळेतील मुलाचे शिक्षण, नोकरी व लग्न होऊन गेलेले असते.

कागदावरील काळ

भारतात प्रारणसंरक्षणाचे नियम १९७१ मध्ये झाले. नियामक मंडळ स्थापन होईपर्यंत हे काम तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील तज्ज्ञ पाहत. पुढे १९८७ मध्ये किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्यांच्या विल्हेवाटीचे नियम आले, आणि २००४ मध्ये १९७१ चे नियम जाऊन नवे नियम लागू झाले. या सर्व काळात अर्ज कागदावर, टपालाने येत. अर्जाबरोबर खोलीचा नकाशा, यंत्राची माहिती, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक पात्रता असे कागद जोडावे लागत. एका अर्जात त्रुटी निघाली तर पत्र, त्याचे उत्तर, पुन्हा पत्र, असा क्रम चाले. मुंबईच्या कार्यालयात धारिका वाढत गेल्या. परंतु ज्याने अर्जच केला नाही त्याची धारिका कोठून असणार?

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असे निर्देश दिले की, वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांच्या नियमनासाठी प्रत्येक राज्यात प्रारणसुरक्षा संचालनालय स्थापन व्हावे. जुलै २०११ पर्यंत ते केवळ केरळ व मिझोराम या दोन राज्यांत स्थापन झाले होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ मध्ये संसदेस सादर झालेल्या अहवालात जी आकडेवारी दिली ती विचार करावयास लावणारी होती. देशात ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रे चालू असताना त्यांपैकी ५,२७० नोंदलेली होती. उरलेली ५२,१७३, म्हणजे शंभरातील एक्याण्णव, नोंदीविना चालत होती.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. नोंद नसलेले प्रत्येक यंत्र सदोष होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यांतील अनेक उत्तम अवस्थेत असतील. कोणते उत्तम व कोणते सदोष हे सांगण्याचे साधनच नव्हते, एवढे मात्र सिद्ध होते. नोंदलेल्या दहातील एकाची तपासणी शक्य होती. बाकी नऊ डॉक्टरांच्या सचोटीवर आणि तंत्रज्ञाच्या नशिबावर सोडलेली होती. तंत्रज्ञाच्या बाबतीत ही परिस्थिती विशेष गंभीर मानावी लागेल. रुग्ण वर्षातून एकदा यंत्राखाली जातो, तंत्रज्ञ दिवसातून चाळीस वेळा त्याच्या शेजारी उभा राहतो.

नव्या पद्धतीचे स्वरूप

नियामक मंडळाने २०१३ पासून टप्प्याटप्प्याने संगणकीय परवाना पद्धत सुरू केली. तिचे संक्षिप्त नाव ‘ई-लोरा’ असे आहे. मराठी वाचकाला त्यावरून वेरूळची आठवण होईल. प्रत्यक्षात ती इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत.

जुन्या पद्धतीत एक अर्ज म्हणजे एक धारिका होती. नव्या पद्धतीत संस्था, माणूस आणि यंत्र यांच्या नोंदी वेगळ्या असून त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. प्रथम संस्था स्वतःची नोंदणी करते. मग तेथे काम करणाऱ्या व्यक्तींची नोंद होते. त्यानंतर यंत्र विकत घेण्याची परवानगी मागावी लागते. पुरवठादारही याच पद्धतीत नोंदलेला असतो आणि त्याने विकावयाचे प्रतिमान मंडळाने मान्य केलेले असावे लागते. यंत्र बसविल्यावर त्याची तपासणी होऊन तपासणीचे निष्कर्ष नोंदले जातात, आणि मग ते चालविण्याचा परवाना मिळतो. परवान्यास मुदत असते. क्ष-किरण यंत्रांची गुणवत्ता तपासणी दोन वर्षांतून किमान एकदा करून घ्यावी लागते.

या रचनेत सर्वांत उपयुक्त कडी पुरवठादाराची आहे. पूर्वी दवाखान्याने कळविले तरच मंडळास यंत्राचा पत्ता लागे. आता विकणारा व घेणारा असे दोघेही एकाच नोंदीवर येतात. एकाने लपविले तर दुसऱ्याच्या नोंदीत ते उघडे पडते. दुकानातील जमाखर्चात एका बाजूचे नावे ते दुसऱ्या बाजूचे जमा असते, तसेच हे. बऱ्हाणपूरच्या यंत्रमाग व्यापाऱ्यास ही पद्धत वेगळी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

जगात इतरत्रही याच दिशेने काम झाले आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००३ मध्ये किरणोत्सर्गी उगमस्थानांच्या सुरक्षेविषयी आचारसंहिता स्वीकारली. तीत धोक्यानुसार उगमस्थानांचे वर्ग मानले असून, किमान पहिल्या दोन वर्गांची राष्ट्रीय नोंदवही प्रत्येक देशाने ठेवावी, असे म्हटले आहे. अमेरिकेत अशा उगमस्थानांचा मागोवा ठेवणारी राष्ट्रीय पद्धत २००९ मध्ये चालू झाली. तेथे उगमस्थान तयार झाले, हस्तांतरित झाले किंवा नष्ट केले गेले की त्याची नोंद करावी लागते. लहान देशांसाठी सदर आंतरराष्ट्रीय संस्थेने एक तयार संगणकीय नोंदसंग्रह विकसित करून दिला आहे.

जुने नव्यात नेताना

नोंदसंग्रह बदलणे म्हणजे जुन्या वहीतील ओळी नव्या वहीत उतरविणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. गावच्या तलाठ्यास विचारले तर तो वेगळे सांगेल. जुन्या वहीत मयत माणसांची नावे असतात, एकाच माणसाची तीन नावे असतात आणि ज्याचे नाव असावयास हवे तो नेमका नसतो. तशीच नक्कल केली तर जुन्या चुका संगणकावर अधिक सुबक अक्षरांत दिसू लागतात, एवढाच फरक.

बऱ्हाणपूरचेच उदाहरण घ्यावे. मराठीत हे नाव बऱ्हाणपूर वा बुऱ्हाणपूर असे लिहितात, हिंदीत बुरहानपुर. इंग्रजी अक्षरांत लिहिताना लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे स्वर बदलतात. ओडिशात गंजाम जिल्ह्यात ब्रह्मपूर आहे, ज्यास बेरहामपूर म्हणतात. पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्याचे मुख्य ठाणे बहरमपूर आहे. इंग्रजीत ही तिन्ही नावे इतकी जवळ येतात की, टपालाच्या पिशव्याही चुकाव्यात. संगणक तर अक्षरशः वाचतो. एका अक्षराचा फरक पडला की त्याच्या लेखी ती दोन गावे, आणि एका अक्षराचे साम्य झाले की निराळी गावे एक होण्याची भीती. म्हणून गावाच्या नावापुढे पिन क्रमांक, जिल्हा व राज्य हे रकाने स्वतंत्र ठेवावे लागतात. ४५०३३१ हा क्रमांक बऱ्हाणपूरचाच. तो लिहिल्यावर वादास जागा उरत नाही.

जिल्ह्याचा रकाना तर अधिक फसवा आहे. बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी झाला. त्यापूर्वी तो पूर्व निमाड, म्हणजे खंडवा जिल्ह्याचा भाग होता. समजा, बऱ्हाणपुरातील एका दवाखान्याने १९९५ मध्ये यंत्र बसविले व कागदावर जिल्हा खंडवा लिहिला. त्याच दवाखान्याने २०१५ मध्ये दुसरे यंत्र घेतले व जिल्हा बऱ्हाणपूर लिहिला. आता जिल्हानिहाय यादी काढली असता जुने यंत्र खंडव्याच्या यादीत जाईल. खंडव्याचा तपासनीस ते शोधेल व त्यास सापडणार नाही. बऱ्हाणपूरच्या तपासनिसाच्या यादीत ते असणारच नाही. यंत्र मात्र त्याच खोलीत, त्याच भिंतीपाशी उभे. यात कोणाचीही लबाडी नाही. नकाशावरची एक रेघ हलली आणि तिच्याबरोबर नोंद हलली नाही, एवढेच. महाराष्ट्रातही धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशीम, भंडाऱ्यातून गोंदिया, ठाण्यातून पालघर वेगळे झाले. त्या त्या ठिकाणच्या कचेऱ्यांस हा अनुभव नवा नसेल.

यास्तव स्थळापेक्षा यंत्राच्या अंगावरील क्रमांकास अधिक महत्त्व दिले जाते. उत्पादकाने घातलेला अनुक्रमांक धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो. दवाखान्याचे नाव बदलेल, डॉक्टरांचा मुलगा गादीवर येईल, विश्वस्त मंडळ बदलेल, यंत्र नदीपलीकडे जाईल. पट्टीवरील क्रमांक तोच राहील. त्यातही खुबी अशी की, क्ष-किरण यंत्राची नळी झिजते व बदलली जाते. म्हणून यंत्राचा व नळीचा क्रमांक वेगवेगळा नोंदणे चांगले. किरणोत्सर्गी उपकरणांच्या बाबतीत बाहेरील पेटीचा व आतील उगमस्थानाचा क्रमांक वेगळा असतो. उगमस्थान बदलूनही पेटी तीच राहू शकते. पेटीचाच क्रमांक लिहिणारी वही अशा वेळी काहीच सांगत नाही.

नव्या पद्धतीत मंडळाने जुन्या वापरकर्त्यांना स्वतः नोंदणी करून आपल्याकडील यंत्रे जाहीर करण्यास सांगितले. हा मार्ग योग्य होता, कारण प्रत्यक्ष यंत्राजवळ असलेल्या माणसाइतकी खात्रीची माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. तथापि या मार्गाची मर्यादाही उघड आहे. जो जाहीर करतो त्याचीच नोंद होते. बंद पडलेला दवाखाना, वारसांच्या भांडणात कुलूप लागलेली इमारत, ट्रस्टच्या गोदामातील झाकून ठेवलेले यंत्र यांच्या वतीने कोण जाहीर करणार? त्यांच्यासाठी पायी हिंडण्याखेरीज अन्य उपाय नाही. जुन्या खरेदीच्या पावत्या, विम्याचे कागद आणि पुरवठादारांच्या विक्रीयाद्या ताडून पाहिल्यास अशी काही यंत्रे हाती लागू शकतात.

आणखी एक अडचण लहान गावांत विशेष जाणवण्याजोगी आहे. संस्थेच्या खात्याचा परवलीचा शब्द सामान्यतः एकाच व्यक्तीकडे असतो, बहुधा प्रारणसुरक्षा अधिकाऱ्याकडे. तो नोकरी सोडून गेला, त्याचा भ्रमणध्वनी बदलला, की संस्थेस आपलेच खाते उघडता येत नाही. मग मुदत संपते, स्मरणपत्रे कोणी न वाचलेल्या पेटीत जाऊन पडतात आणि चांगल्या अवस्थेतील यंत्रही नोंदीत थकबाकीदार ठरते. कार्यभार सोपविताना चाव्या, शिक्के व दप्तर यांची जशी यादी होते, तशीच या खात्याचीही नोंद कार्यभार पत्रकात झाली पाहिजे. सरकारी दवाखान्यांत बदल्या वारंवार होतात. तेथे तर हे विसरून चालणार नाही.

बिल्ल्याची नोंद

यंत्राइतकीच माणसाची नोंद महत्त्वाची. प्रारणाजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्यास टीएलडी बिल्ला म्हणतात. डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या त्यात बसविलेल्या असतात. त्यांवर वेगवेगळ्या गाळण्या असल्यामुळे कोणत्या प्रकारचे प्रारण लागले याचाही अंदाज घेता येतो. चकती प्रारणाची ऊर्जा साठवून ठेवते आणि प्रयोगशाळेत तापविल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर टाकते. जितका प्रकाश तितकी मात्रा. पूर्वी या कामासाठी छायाचित्रणाच्या फिल्मचे बिल्ले असत. भारतात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांची जागा या बिल्ल्यांनी घेतली.

बिल्ला साधारणतः तीन महिन्यांनी वाचनासाठी पाठविला जातो व मात्रा राष्ट्रीय नोंदसंग्रहात कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत क्रमांकावर चढते. भारतात कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षास १ मिलिसिव्हर्ट आहे. तुलनेसाठी सांगावयाचे तर, जमीन, आकाश, हवा व अन्न यांतून माणसास निसर्गतः जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा दरवर्षी मिळतच असते.

पाच वर्षांच्या सरासरीची मर्यादा पाळावयाची तर पाच वर्षांचा हिशेब एका ठिकाणी असला पाहिजे, हे ओघानेच आले. एखाद्या तंत्रज्ञाने दोन वर्षे भुसावळला, एक वर्ष खंडव्यास व पुढे बऱ्हाणपुरास काम केले, तर तीन दवाखान्यांच्या तीन वह्यांतून त्याची बेरीज होणार नाही. नोकरी बदलली तरी व्यक्तिगत क्रमांक बदलू नये, असा आग्रह त्यामुळेच धरला जातो. नव्या मालकाकडे रुजू होताना आपला जुना क्रमांक सांगणे तंत्रज्ञाच्याच हिताचे आहे. नवा क्रमांक घेतला की मागील मात्रा कागदावरून पुसली जाते. शरीरातून ती पुसली जात नाही.

बिल्ल्याच्या वापरातील चुका नेहमीच्याच आहेत. शिशाचा अंगरखा घातल्यास बिल्ला त्याच्या आत लावावयाचा असतो, कारण अंगरख्यातून गाळून शरीरापर्यंत किती पोहोचले हे मोजावयाचे असते. काही ठिकाणी संध्याकाळी अंगरखा व त्यास अडकविलेला बिल्ला क्ष-किरण खोलीतच खुंटीस टांगून ठेवतात. दुसऱ्या पाळीत यंत्र चालले की बिल्ल्यास मात्रा लागते, माणूस घरी निजलेला असतो. याउलट बिल्ला टेबलाच्या खणात राहिला तर अहवाल शून्य येतो आणि सर्व काही क्षेम असल्याचा भास होतो. संगणकास या दोहोंतील फरक कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ आकडा.

मोजमापाच्या उपकरणांबाबतही हेच आहे. प्रारण मोजणारे हातातील यंत्र ठरावीक काळाने प्रमाणित करून घ्यावे लागते. नोंदीत प्रमाणीकरणाची तारीख असावी, आणि त्याच्या विद्युतघटाची तपासणी दररोज काम सुरू करण्यापूर्वी व्हावी. घट उतरलेले यंत्र शून्य दाखविते, आणि काटा शून्यावर पाहून माणूस निर्धास्तपणे पुढे पाऊल टाकतो. शिशाच्या अंगरख्यांना घडी घातल्यास आतून भेगा पडतात. त्या वरून दिसत नाहीत. अंगरखे सरळ टांगून ठेवावेत व अधूनमधून क्ष-किरणांखाली धरून तपासावेत. प्रत्येक अंगरख्यास क्रमांक दिला नसेल तर भेग सापडलेला अंगरखा कोणता हे दुसऱ्या दिवशी ओळखता येत नाही, आणि तो पुन्हा खुंटीवर जातो.

मोडीत काढताना

यंत्राच्या जन्माची नोंद उत्साहाने होते, मृत्यूची क्वचित होते. परवाना नसेल तर यंत्र विकत मिळत नाही, म्हणून घेताना अर्ज केला जातो. टाकून देताना मात्र अर्ज करण्याने कोणाचा लाभ होत नाही. परिणामी नोंदसंग्रहात कालांतराने भुतावळ जमते : कागदावर चालू, प्रत्यक्षात नाहीशी झालेली यंत्रे. क्ष-किरण यंत्र मोडीत काढताना नळी पुन्हा वापरता येणार नाही अशी करून मंडळास कळविले पाहिजे, व विकताना घेणाऱ्याच्या नावे नोंद फिरविली पाहिजे. किरणोत्सर्गी उगमस्थान असल्यास ते पुरवठादाराकडे किंवा मान्य विल्हेवाट केंद्राकडे परत जाणे हाच एकमेव मार्ग होय. जुन्या सामानाच्या लिलावाची यादी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने, मग तो शाळेचा असो, महाविद्यालयाचा असो वा कारखान्याचा, सही करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : या यादीत आकाराच्या मानाने फार जड अशी एखादी वस्तू आहे काय, आणि ती जड का आहे?

भंगाराचा व्यवसाय करणाऱ्यांसही हाच प्रश्न लागू पडतो. बऱ्हाणपूर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला भंगाराची अनेक दुकाने आहेत. शिसे जड असते व त्यास भाव चांगला मिळतो. म्हणून ते फोडण्याचा मोह होतो. पिवळ्या पार्श्वभूमीवर मध्यबिंदूभोवती तीन पाकळ्या असे प्रारणाचे चिन्ह आहे. परंतु ज्यास ते ठाऊक नाही त्यास ती पंख्याची पाती वाटतात. ही उणीव ध्यानात घेऊन २००७ मध्ये एक पूरक चिन्ह प्रसिद्ध करण्यात आले. त्यात लाल त्रिकोणात वरून किरण, खाली कवटी व दूर पळणारा माणूस दाखविला आहे. ते वाचता न येणाऱ्यासही समजते. यांपैकी कोणतेही चिन्ह असलेली वस्तू दिसल्यास तिला हात लावू नये, फोडू नये, घरी नेऊ नये. इतरांस दूर ठेवावे आणि पोलीस ठाण्यास व तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर व शाळेच्या भिंतीवर ही दोन चिन्हे रंगवून ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.

बऱ्हाणपुरास जाणारा प्रवासी कुंडी भंडारा पाहून येतो. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या त्या जलव्यवस्थेत सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत वाहत येते. वरून पाहणाऱ्यास फक्त रांगेने उभी असलेली विहिरींची तोंडे दिसतात. मधली एखादी कुंडी बुजली तर खालच्या कुंडीत पाणी का आटले हे ज्यास सर्व कुंड्या ठाऊक आहेत तोच सांगू शकतो. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातील लिपिकाने वर्षातून एकदा संगणकावरील यादी छापून घ्यावी, तीत जिल्हा खंडवा असे लिहिलेली जुनी पानेही घ्यावीत, आणि दवाखान्यांच्या दारोदार जाऊन धातूच्या पट्टीवरील क्रमांक यादीशी ताडून पाहावेत. बऱ्हाणपूरसारख्या शहरात हे काम काही दिवसांत उरकण्याजोगे आहे. त्यासाठी एक हातबॅटरी बरोबर असावी. पट्टी बहुधा यंत्राच्या मागील बाजूस, भिंतीकडे तोंड करून असते.